सहा तास वीस मिनिटं

"एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा," डॉक्टर म्हणाल्या. सांगलीतल्या त्या दवाखान्यात त्यांनी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. कवटीचं हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं, त्याला हे नाव आहे. फिल्मवर ते पांढरं दिसत होतं, भिंगासारखं फुगलेलं.

"मार किती वाजता लागला?"

"नऊ वाजून वीस मिनिटांनी."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"सहा तास वीस मिनिटं. गाव किती लांब आहे तुमचं?"

"पंच्याहत्तर किलोमीटर."

"मग मधला वेळ कुठे होता तुम्ही?"

मी म्हणालो, "गाडी मिळेना."

हे खोटं होतं. शेजाऱ्यांची जीप सकाळपासून दारात उभी होती. माझ्या मागे माझी थोरली बहीण हिरा उभी होती. ती पेशंटची बायको. तिनं माझ्याकडे पाहिलं.

डोक्याला मार लागलेलं माणूस उद्या ज्यांच्या घरी आणलं जाईल, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. वेळा बरोबर आहेत. मी पाणी योजनेच्या पंपावर कामाला आहे. पंप कधी सुरू झाला, कधी बंद झाला, हे सव्वीस वर्षं लिहीत आलो आहे. घड्याळ बघायची सवय हाडात गेली आहे. त्या दिवशी तिचा काहीही उपयोग झाला नाही.

पेशंट म्हणजे माझे दाजी, धुळाप्पा. वय अठ्ठावन्न. आमच्या कोरड्या भागातल्या अकरा वाड्यांमध्ये त्यांना धुळा डॉक्टर म्हणत. शिक्षण चौथी. मेंढरांना जंताचं औषध पाजायचं, वाढलेली खुरं कातरायची, व्यायला अडलेली मेंढी सोडवायची. सरकारी डॉक्टरसुद्धा अवघड वेळी त्यांना बोलावून घेत. मोटरसायकलवर टाकीपुढे हेल्मेट बांधलेलं असायचं आणि त्या हेल्मेटमध्ये औषधाची काचेची बाटली. डोक्याला पटका.

मी कितीदा म्हणालो असेन, "आवं दाजी, ते डोक्यात घालायचं असतंय."

"डोस्कं फुटलं तर शिवत्यात रं नामा. बाटली फुटली तर सत्तर मेंढरं बिनऔषधाची राहत्यात."

आमच्या फाट्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला होता. दहा फूट रुंद, आठ फूट उंच. विट्याच्या बाजूनं येणारा रस्ता त्याच्यामागे झाकला जायचा. पुढे मी तिथे पावलं मोजली. फ्लेक्स असताना वळणावरून चाळीस पावलं रस्ता दिसतो, नसताना दोनशे दहा. त्या दिवशी दाजी फाट्यावर आले आणि पिकअपनं त्यांना उडवलं. ते उजव्या कानाच्या वर डांबरावर आपटले. मोटरसायकलचं चाक दुमडलं. हेल्मेट घरंगळत बाभळीखाली गेलं. आतली बाटली फुटली नाही.

पाच मिनिटांनी ते स्वतःच्या पायांनी उठले. पिकअपवाल्यानं ते उभे राहिलेले पाहिले, हात जोडले आणि निघून गेला.

इथून पुढे जे झालं ते आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. दाजींचा एक नेम होता आणि अकरा वाड्यांना तो पाठ होता. पडलेलं मेंढरू आपलं आपण उठलं, पाणी प्यालं आणि रवंथ करायला लागलं, की ते वाचलं. मग त्याला सावलीत निवांत पडू द्यायचं, हलवायचं नाही. मेंढराच्या बाबतीत हा नेम चुकलेला मी पाहिलेला नाही. त्या दिवशी तो माणसाला लावला, आणि लावणारा स्वतः धुळा डॉक्टर होता. मग कोण त्याच्यापुढे बोलणार?

फाट्यावरच्या टपरीवाल्या सदाभाऊंनी त्यांना चहा दिला आणि साडेदहाला शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून घरी आणलं. घरी! तीच जीप तशीच पुढे गेली असती तर बाराच्या आत सांगलीत असती.

हिराआक्का घाबरली. पण मेंढरं वाड्यात कोंडलेली होती. दाजींनीच तिला हाकललं, "जा, सोड त्यास्नी. माजं काय बघत बसलीस? मी काय नवरदेव हाय?" ती गेली.

मी दहा वाजून पन्नास मिनिटांनी पोचलो. ते घोंगड्यावर भिंतीला टेकून बसले होते. ओसरी माणसांनी भरली होती आणि नवी येतच होती. ज्याच्या घरची मेंढी त्यांनी कधी सोडवली होती, तो प्रत्येक जण आला होता. प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं होतं, आणि ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते.

सदाभाऊ म्हणाले, "डॉक्टर, यमानं नंबर चुकीवला जणू."

"न्हाई गड्या. त्येच्या रेड्याला जंत झाल्यात. औषध पाजून माघारी धाडला."

सगळी ओसरी हसली. मीही हसलो. मग म्हणालो, "दाजी, विट्याला जाऊन दाखवून येऊया का?"

"कशाला रं? उठलो न्हवं? च्या प्यालो. आता ह्यास्नी गोष्टी सांगत रवंथ करतोय. आनि काय पायजे?"

मी पुन्हा विचारलं नाही.

पावणेबाराला ते म्हणाले, डोकं लय ठणकतंय. थोड्या वेळानं उलटी झाली. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं चहा जास्त झाला. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांचे डोळे मिटायला लागले. मी सगळ्यांना बाहेर काढलं. "झोपू द्या त्यांना," म्हणालो. दार ओढून घेतलं आणि पंपावर गेलो, कारण साडेबाराला पाणी सोडायचं होतं. वहीत नोंद आहे. साडेबारा, पंप सुरू.

एक वाजता आक्का मेंढरं घेऊन परत आली. तिला दाराबाहेरूनच घोरणं ऐकू आलं. ते तसे घोरत नसत. तिनं हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. ते जागे झाले नाहीत. तिनं मला पंपावरून बोलावून घेतलं आणि त्याच जीपनं आम्ही त्यांना विट्याला नेलं.

विट्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. उजव्या डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती आणि उजेडानं आकसत नव्हती. ते म्हणाले, "इथं थांबू नका. मेंदूचं ऑपरेशन सांगलीत होईल." त्यांनी सलाइन लावलं, ॲम्ब्युलन्स दिली, पुढे फोन केला. सगळं पंधरा मिनिटांत.

सव्वाचारला ऑपरेशन सुरू झालं. कवटीत खिडकीसारखं भोक पाडून साचलेलं रक्त काढतात, त्याला क्रेनिओटॉमी म्हणतात. साडेसहाला डॉक्टर बाहेर आल्या. रक्त काढलं होतं. पण तोवर त्यानं मेंदू दाबून धरला होता, ते नुकसान त्यांच्या हातात नव्हतं.

मग त्यांनी मला आकडे समजावून सांगितले. जीसीएस म्हणजे शुद्धीचे गुण. डोळे, बोलणं, हालचाल यांवरून देतात. पूर्ण शुद्धीला पंधरा, सगळ्यांत कमी तीन. दाजी आले तेव्हा पाच होते.

"सकाळी ते बोलत होते ना?"

"चेष्टा करत होते."

"म्हणजे तेव्हा पंधरा. याला ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. मार लागल्यावर माणूस काही वेळ चांगला असतो. आत रक्त साचत असतं. तोच वेळ आमच्या हातात असतो. तुम्ही तो वाया घालवलात."

त्या आवाज न चढवता बोलल्या. मला त्यांचा राग आला. पुढचे पाच दिवस मी राग काढायला जागा शोधत होतो. दवाखान्यात कुणी उशीर केला का, कुणी हयगय केली का, हे मी घड्याळ लावून तपासलं. काही सापडलं नाही.

दुसरा दिवस, पाच. तिसरा दिवस, चार. श्वास मशीनवर. अकरा वाड्यांमधली माणसं दोन टेम्पो भरून आली आणि दवाखान्याच्या आवारात बसली. त्यांनी भाकरी आणल्या, ठेचा आणला. एक आजी तर मेंढीचं दूध घेऊन आली. वॉर्डातल्या सिस्टर वैतागल्या.

"कोण आहेत हे पेशंट? आमदार आहेत का?"

"न्हाई बाई," आजी म्हणाली, "मेंढरांचं डॉक्टर हायत. तुमच्यापरीस चांगलं."

सिस्टर हसल्या. मला मात्र त्या गर्दीकडे बघवत नव्हतं. हीच माणसं ओसरीवर बसली होती. एवढं प्रेम, आणि एकाच्याही डोक्यात जीप आली नाही.

चौथ्या दिवशी अतिदक्षता विभागाच्या बाकावर आक्कानं विचारलं, "नामा, त्यास्नी निजवलं कुणी?"

मी म्हणालो, "गर्दी होती गं."

"गर्दीतलं कोण?"

मी पाणी आणायला उठलो. हे दुसरं खोटं.

सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दाजी गेले. अपघात असल्यामुळे शवविच्छेदन झालं. आम्ही गावी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं.

अग्नी दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. आमच्याकडे त्या वेळी श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि शेवटी घरचा एक माणूस आभार मानतो. मी विट्याहून पाहुण्यांना घेऊन येत होतो. फाट्यावर गाडी थांबवून उतरलो आणि रस्ता ओलांडायला निघालो.

वाढदिवसाचा फ्लेक्स काढला होता. त्याच सांगाड्यावर दाजींचा लावला होता. दहा फूट रुंद, आठ फूट उंच. भावपूर्ण श्रद्धांजली. पटका बांधलेले दाजी हसत होते आणि त्यांच्या मागून येणारा टेम्पो मला दिसला नाही. हॉर्न ऐकला म्हणून मी वाचलो.

ओढ्याकाठी तीनशेच्या आसपास माणूस जमलं होतं. अकरा जण बोलले. देवमाणूस होता, असा माणूस होणे नाही, नियतीनं हिरावून नेला. नियती हा शब्द चार वेळा आला. मग मला उभं केलं.

मी खिशातून वही काढली. त्या दिवसाच्या सगळ्या वेळा मी विचारून विचारून तिच्यात लिहिल्या होत्या.

"नऊ वीस," मी वाचलं. "फाट्यावर पिकअप. फ्लेक्समुळे दोघंही एकमेकांना दिसले नाहीत. तोच सांगाडा आज तुम्ही पुन्हा भरला आहे. नऊ चाळीस, चहा. साडेदहा, घरी आणलं. जीप दारात. दहा पन्नास, मी आलो. ओसरीवर माणसं पस्तीस. जीप दारात. पावणेबारा, डोकेदुखी, मग उलटी. जीप दारात."

सदाभाऊ मधेच उठले. "नामदेवराव, ही येळ न्हवं. आमी काय मुद्दाम केलं व्हय? आमचा जीव होता त्येच्यावर."

"जीव होता म्हणूनच चहा पाजत बसलो आपण!" मी ओरडलो. तीनशे माणसांसमोर मी कधी बोललोही नव्हतो.

कुणीतरी म्हणालं, "बसवा त्येला खाली."

पुढची ओळ वहीत होती आणि मला ती वाचता येईना. तेव्हा बायकांच्या बाजूनं आक्काचा आवाज आला.

"म्होरं वाच."

"बारा वाजून दहा मिनिटं," मी वाचलं. "सगळ्यांना मी बाहेर काढलं. झोपू द्या म्हणालो. दार मी ओढलं."

मी आक्काकडे पाहू शकलो नाही. सदाभाऊ खाली बसले.

"एक वाजता," मी शेवटची ओळ वाचली, "हिरा आली. तिनं पहिल्यांदा हलवून पाहिलं."

आभार मानायचे राहून गेले.

फ्लेक्स त्याच दुपारी उतरला. लावणाऱ्या पोरांनीच उतरवला आणि माझ्या अंगणात आणून टाकला. "घ्या, झालं समाधान?" नाही झालं. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन मी सांगाड्याचे दोन्ही खांब उपटले. सदाभाऊ टपरीतून बघत होते. दुसऱ्या खांबाला त्यांनी हात लावला.

डोक्याला मार लागलेला माणूस उठला, चालला, हसला, तरी त्याला लगेच दवाखान्यात न्या. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, झोप यायला लागली, तर ती झोप समजू नका. "मी बरा हाय" हे त्याचं म्हणणं ऐकून घ्या आणि गाडी थांबवू नका. त्याच्यावर फार माणसं जीव टाकत असतील तर आणखी घाई करा. डॉक्टरांना खरी वेळ सांगा. मी खोटं बोललो तरी त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी तो प्रश्न मला तोंडावर विचारला, याबद्दल त्यांचा ऋणी आहे. आता दुसरं कुणी मला तो विचारत नाही.

आक्का माझ्याशी दीड महिना बोलली नाही. मी रोज पंपावरून येताना तिच्या अंगणात जाऊन मेंढरांचं पाणी भरायचो. ती आत जायची.

मग एका सकाळी पलीकडच्या वाडीतून निरोप आला की चाळीस मेंढरांना औषध पाजायचंय. तीस वर्षं दाजींबरोबर मेंढरांची तोंडं उघडून धरलेली होती तिनं. मी पाणी भरून मोटरसायकलवर बसलो तोवर ती बाहेर आली. एका हातात औषधाची बाटली होती, चिंध्यांमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवलेली. दुसऱ्या हातात दाजींचं हेल्मेट.

तिनं ते माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला औषधाचा वास अजून होता.

"डोस्क्यात घाल," ती म्हणाली.

मी घातलं. ती मागे बसली, बाटली मांडीत धरून. फाट्यावर मी थांबलो. दोनशे दहा पावलं रस्ता मोकळा दिसत होता.

"आता काय मोजत बसलायस?" आक्का म्हणाली. "चल."