जैतुनबीच्या नावाचा हज

फैजपूरच्या पिंजारवाड्यातली जैतुनबी कधी हजला गेली नाही. पण तिच्या अंगणात शिकून हजला गेलेल्या बायका यावल-रावेरकडच्या गावोगाव भेटतात. हजचा पोशाख, एहराम, कसा बांधायचा, कुठे थांबायचं, कुठे चालायचं, हे सगळं त्यांना तिनेच सांगितलेलं.

तिचा नवरा गफूर पिंजारी. बाजारपेठेत त्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजून भुवयांपर्यंत पांढरा होऊन घरी यायचा. दोघांचा हजला नंबर लागला तेव्हा मशिनीवरचं त्याचं लक्षच उडालं. जळगावला हाजींसाठी शिबिर भरायचं तिथे तो जायचा आणि ऐकलेलं सगळं घरी येऊन जैतुनबीला सांगायचा. मागच्या अंगणात धान्याची पत्र्याची कोठी होती, ती त्याने मध्ये ओढली.

"हा काबा समज. तो कायम डाव्या हाताले राह्यला पाह्यजे. चल."

कोठीभोवती दोघं फिरायची. शेजारची कुंदाबाई पाटील कुंपणावरून बघायची आणि हसायची. "गफूरभाऊ, भाभीले चक्कर येईल ना!" गफूर म्हणायचा, "तिथं लाखो लोकं फिरतीन, त्याहिले नाही येत चक्कर."

विमानाला आठवडा राहिला असताना गफूर दुकानात गेला. अर्धवट भरलेल्या गादीवर तो पालथा पडलेला समोरच्या चहावाल्याला दिसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. कफनासाठी नवं कापड आणायची गरज पडली नाही. एहरामची दोन पांढरी वस्त्रं पेटीत घडी घालून ठेवलेली होती, तीच वापरली. त्यांचा एकुलता मुलगा मुख्तार तेव्हा सौदीत दम्मामला ट्रक चालवत होता. मालकाने सुट्टी दिली तोवर बापाची माती होऊन गेली होती.

तिसऱ्या दिवशी मौलाना दारात आले. जैतुनबी पडद्यामागे बसली होती. तिने विचारलं, "मौलाना, माझं तिकीट आलेलं आहे. मी गेली तर माझा हज होईल का?"

मौलाना म्हणाले, "हज होईल, बहेन. पण तुम्ही इद्दतमध्ये आहात. चार महिने दहा दिवस विधवेनं घर सोडायचं नसतं. निघालात तर त्याचा गुन्हा राहील. ठरवायचं तुम्ही."

मुख्तार दम्मामहून फोनवर ओरडला, "अम्मा, तू जाय! तिथं मी येतो सोबतीले. अब्बाची पण तीच इच्छा असती." नातेवाइकांतले अर्धे जा म्हणाले, अर्धे राहा म्हणाले. जैतुनबीने दोन दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले अल्लाच्या घरी गुन्हा घेऊन नाही जायचं." तिकीट रद्द झालं.

गफूर-जैतुनबीसोबत हजला जाणारी सावद्याची सुग्राबी भेटायला आली. बसून रडली आणि मग चाचरत म्हणाली, "भाभी, गफूरभाई सोबत राहतीन म्हणून मी शिबिरात काहीच ध्यान दिलं नाही. आता माझं कसं होईल?" जैतुनबी उठली. मागच्या दाराने अंगणात गेली. कोठी अजून मधोमधच होती.

"ये," ती म्हणाली. "डाव्या हाताले ठेव."

विमान गेलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून राहिली. कुंदाबाईने ताट आणलं ते तसंच झाकून ठेवलं.

सुग्राबी परत आली ती जमजमच्या विहिरीचं पाणी आणि खजूर घेऊन. गावभर सांगत सुटली की मला तिथे कुणाला काही विचारावं लागलं नाही. पुढच्या वर्षी आणखी बायका आल्या. पुरुषांना शिबिरात सगळं कळे, बायकांना मागे बसून अर्धंच ऐकू येई, आणि बाईपणाचे प्रश्न मौलानाला विचारायची लाज. जैतुनबीला काहीही विचारता यायचं. पाळी आली तर काय? तवाफ, म्हणजे काब्याच्या फेऱ्या, सोडून बाकी सगळं करायचं, तवाफ नंतर. चेहरा झाकायचा? कापड चेहऱ्याला टेकू द्यायचं नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांच्या मधे हिरवे दिवे लागतात तिथे पुरुष पळतात, आपण पळायचं नाही, चालायचं. मुजदलिफात सैतानाला मारायचे खडे वेचायचे ते हरभऱ्याएवढे, मोठा दगड घ्यायचा नाही, राग काढायला गेलेलो नाही आपण. केस कापायचे ते बोटाच्या पेराएवढे.

शिकवताना अराफातच्या मैदानावर आली की तिचा आवाज उतरायचा. "इथं काहीच करायचं नाही. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत फक्त थांबायचं आणि मागायचं. हे थांबणं चुकलं तं बाकीचं सगळं वाया. अराफात म्हणजेच हज."

एखादी विचारायची, "खाला, तुम्ही कोणत्या साली गेल्या होत्या?" ती म्हणायची, "मी नाही गेली. चल, पुन्हा फिर."

तिने स्वतःचा अर्ज भरला तेव्हा कोरोना आला आणि हजच बंद पडला. बंदी उठल्यावर बायकांना मेहरम, म्हणजे नवरा-मुलासारखा जवळचा पुरुष, सोबत नसला तरी गट करून जाता येऊ लागलं होतं. भुसावळच्या तिघींबरोबर तिने नाव घातलं आणि नंबर लागला. त्याच हिवाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. तोंडाची चव गेली, दोन पावलं चालली तरी धाप लागे. तोपर्यंत मुख्तार सौदी कायमची सोडून आला होता आणि केळीची गाडी चालवत होता. तो तिला भुसावळला घेऊन गेला. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तब्येतीच्या दाखल्यासाठी सरकारी डॉक्टरांसमोर बसली तेव्हा त्यांनी कागद बाजूला सारला.

"मावशी, डायलिसिसवर असलेल्या माणसाला पाठवता येत नाही. नियमच आहे."

"मी उभी राहू शकते, डॉक्टरसाहेब."

"आज राहाल हो. तिथे नाही राहू शकणार."

येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. दोन्हीकडे केळीच्या बागा होत्या. 

मौलानांनी मग मार्ग सांगितला. ज्याला बरं होण्याची आशा नाही त्याच्या नावाने दुसरा माणूस हज करू शकतो, त्याला हज-ए-बदल म्हणतात. जाणाऱ्याचा स्वतःचा हज झालेला असला तर उत्तम. मुख्तारचा झाला होता. दम्मामला असताना खोलीतल्या पोरांबरोबर तो एका गाडीतून गेला होता, आणि घाईघाईत उरकून कामावर परतला होता. आई-बापाच्या आधी तो जाऊन आला याचं जैतुनबीला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण ती कधी बोलली नव्हती.

आता बोलली. "तुझा जसा झाला तसा झाला. हा माझा आहे."

डायलिसिसच्या खाटेवर हाताला नळ्या लावलेल्या असायच्या आणि ती मुख्तारकडून वदवून घ्यायची. तो कंटाळायचा. नमाजचाही तो कच्चा होता, शुक्रवारपुरता.

"एहराम बांधताना काय म्हणशील?"

"नियत करीन."

"कोणाच्या वतीनं?"

"माझ्या अम्माच्या वतीनं."

"नाव घे. तिथं लाखो अम्मा आहेत."

"जैतुनबी, जौजे गफूर पिंजारी." त्याचा आवाज चिडका होता. तेवढ्यात यंत्र वाजलं आणि तिचा रक्तदाब पडून डोळे पांढरे झाले. नर्स धावली. तिला सावरल्यावर मुख्तारने तिचे पाय हातात घेतले, आणि त्यानंतर पुन्हा चिडला नाही.

तो खासगी टूरमधून निघायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी जैतुनबीने सून नजमाला आणि कुंदाबाईला जवळ बसवलं. मुख्तार बाजारात गेला होता.

"मले काही झालं तं त्याले कळवायचं नाही. शेवटचा तवाफ होईपर्यंत नाही."

नजमा रडायला लागली. "असं काय बोलतात अम्मा!"

"त्याले मी वळखते. कळलं तं अर्ध्यातून उठून येईल. बापाच्या वेळी येता आलं नाही हे त्याच्या मनात आहे. कुंदा, तू माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

कुंदाबाई म्हणाली, "भाभी, मले खोटं बोलता येत नाही व."

"मग खोटं बोलू नको. गप्प राह्य."

कुंदाबाईने हात ठेवला.

मुख्तार गेला. मक्केहून रोज फोन करायचा. काय झालं, किती गर्दी, किती ऊन, सगळं सांगायचा. जैतुनबी पडल्या पडल्या दुरुस्त्या करायची. तो मक्केजवळ मिनाच्या तंबूत पोचल्याचं कळलं त्या संध्याकाळी तिने थोडी खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी अराफात. सकाळी नजमा तिला उठवायला गेली तर श्वास अडकत होता. गाडी बोलावली, पण ती दारात येण्याआधीच जैतुनबी गेली.

मौलानांना तिची अट सांगितली. ते म्हणाले, "हज तिच्याच नावाचा आहे आणि तिच्याच नावाचा राहील. तिनं सांगितलं तसं करा." उन्हाळा होता, माती लवकर द्यायची होती. सुग्राबी आणि इतर बायकांनी गुसल दिला, शेवटची आंघोळ घातली. यावल-रावेरकडून तिने शिकवलेल्या बायका मिळेल त्या गाडीने येत होत्या. एवढ्या आल्या की ओटा पुरला नाही, कुंदाबाईच्या अंगणात सतरंज्या टाकल्या. जनाजा उचलला गेला आणि पुरुष कब्रस्तानाकडे वळले, तेव्हा नजमाचा फोन वाजला.

घरातली रड एकदम थांबली. कुणीतरी दार लावलं.

"नजमा, अम्माले दे." मागे लाखो माणसांचा घोष होता. "मी अराफातले आहे. इथं मागितलेलं मिळते, तीच सांगत होती ना. तिले विचार काय मागू."

 नजमाने फोन कुंदाबाईच्या हातात कोंबला. कुंदाबाईने डोळे मिटले.

"मुख्तार, मी कुंदामावशी. ती झोपेल आहे रे." एवढं म्हणून तिने ओठ आवळले.

"मग उठवू नका. मीच मागतो."

फोन बंद झाला. कुंदाबाई भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि पदराने तोंड दाबून घेतलं.

ईद आली. वाड्यात कुणी नवे कपडे घातले नाहीत. मुख्तारने दोनदा फोन केला. नजमाने एकदा अम्मा दवाखान्यात आहे म्हटलं, एकदा रेंज नसल्याचं नाटक केलं. त्याला संशय आला असावा, पण त्याने खोदून विचारलं नाही. मग एका दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे काब्याभोवतीच्या हरम मशिदीचा पांढरा संगमरवर चमकत होता. त्याचं डोकं भादरलेलं, चेहरा उन्हाने काळा पडलेला, आणि तो हसत होता.

"झालं सगळं. शेवटचा तवाफ पण झाला. अम्माकडे कर कॅमेरा, तिले काबा दाखवतो."

नजमाने फोन खाटेकडे वळवून धरला.  खाटेवर गादी गुंडाळलेली होती.

मुख्तारने फोन डोळ्यांजवळ आणला.

"कधी?"

"अराफातच्या दिवशी. सकाळी."

"मी फोन केला तेव्हा..."

"नेलं होतं तेव्हा."

मुख्तार खाली बसला असावा, कारण पडद्यावर फक्त छत दिसत होतं. मग आवाज आला. "मी दुपारपासून दिवस बुडेपर्यंत एकच मागितलं, नजमा. तिले आयुष्य दे म्हणून. ती मातीत होती आणि मी तिचं आयुष्य मागत होतो." तो हुंदका नव्हता, लहान पोराने ओरडावं तसा आवाज होता. फोन बंद झाला.

तो परत आला तेव्हा हार घालायला आलेल्या लोकांकडे त्याने पाहिलं नाही. भुसावळ स्टेशनवरून थेट कब्रस्तानात गेला. गफूरच्या शेजारची माती अजून बसली नव्हती. घरी आल्यावर नजमाशी तो पाण्यापुरतं बोलायचा. पावसाळाभर असंच चाललं. बायका शिकायला म्हणून आल्या तर नजमा त्यांना दारातूनच परत पाठवायची.

एकदा केळीची खेप टाकून तो कुंदाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. तिने चहा ठेवला.

"मावशी, दोघांच्या मातीले मी नव्हतो," तो म्हणाला. "मले सांगायले पाह्यजे होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तं तू थांबला असता का तिथं?"

 चहावर साय धरली.

"नाही थांबलो असतो," तो म्हणाला.

कुंदाबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही, पण चहाही प्यायला नाही. थोड्या वेळाने उठला आणि गाडी धुवायला निघून गेला.