बाराचे ठोके आणि माझा होकार

माझं लग्न ठरलं, तेव्हा मला काहीही ऐकू येत नव्हतं.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी रत्नागिरीत नुकताच मास्तर झालो होतो. लांज्याचे अण्णा आपल्या मुलीसाठी मला बघायला आले. (आई मुलगी आधीच पाहून आली होती, मला कोण विचारतो!) आई म्हणाली, "पोहे होईस्तो त्यांना कचेरीवरचं घड्याळ दाखवून आण. आणि बढाया मारू नकोस!"

साहेबाच्या अमदानीतली ती कचेरी आणि तिच्यावरचा तो घड्याळाचा मनोरा! संगमेश्वराहून खटल्यासाठी आलेला माणूससुद्धा मान वर करून बघितल्याशिवाय परत जात नसे. घड्याळाला चावी देणारे दाऊदभाई माझ्या ओळखीचे. त्यांनी आम्हाला थेट घंटेपाशी नेलं आणि कापसाचे बोळे पुढे केले.

"मास्तर, बारा वाजायला आले. कानात घाला."

अण्णांनी निमूट घातले. मी? मी हसलो!

"आम्हाला सवय आहे हो!" (सवय होती ती खालून ऐकण्याची.) आणि घंटेला खेटून उभा राहत मी अण्णांना मनोऱ्याचा इतिहास सांगू लागलो.

पहिल्या ठोक्याला माझी टोपी पडली. दुसऱ्याला मी सगळी सनावळी विसरलो. तिसऱ्यानंतरचे नऊ ठोके मला ऐकूच आले नाहीत!

खाली उतरलो तर सगळं जग मुकं! अण्णांचे ओठ तेवढे हलत होते. पण बहिरा जावई कोण करील? मी ठरवलं, काही कळू द्यायचं नाही.

अण्णांनी काहीतरी विचारलं. "हो हो!" मी म्हणालो. ते थबकले. आणखी काही विचारलं. "अवश्य!" तिसऱ्या खेपेला त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, कोणी वारलं असावं, म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "त्यात काय विशेष!"

घरी आल्यावर अण्णा आईशी बोलले. आईच्या हातातली पोह्यांची बशी कलली.

दिवेलागणीला माझे कान उघडले, ते आईच्या आवाजानंच. "मेल्या, काय कबूल करून आलास?"

"काय?"

"मुलीला स्वयंपाक येत नाही, चालेल? म्हणे, हो हो! लग्नानंतर तिला मॅट्रिक व्हायचंय? म्हणे, अवश्य! आणि पुढे नोकरी केली तर? म्हणे, त्यात काय विशेष! अण्णा रडले रे! म्हणाले, असा सुधारक मुलगा अख्ख्या जिल्ह्यात नाही!"

शब्द फिरवायचा, तर बहिरेपण कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा सुधारक झालेलं बरं! अण्णांची यमुना माझ्या घरी आली, मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली, आणि पुढे माझ्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली.

परवा पोटदुखीचं कारण देऊन मी रजेचा अर्ज तिच्या टेबलावर ठेवला. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नामंजूर. कालचं कुळथाचं पिठलं तुम्हीच केलं होतं ना? मग भोगा!"