गिचोहीचे गमबूट

गिचोही पायातले गमबूट कधी काढायचा नाही, यावर आमच्या डोंगरावर सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलंय. भर उन्हात कॉफीच्या झाडांना पालापाचोळा घालायचा, गमबूट. चर्चला जायचं, गमबूट. "ह्याला पुरायचं तर बुटांसाठी वेगळा खड्डा खणावा लागेल," असं मीच एकदा बाजारात म्हटलं होतं आणि केळी विकणाऱ्या बायका लोळायच्या बाकी राहिल्या होत्या. तोही हसला होता. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. पण त्याच्यावर माझी माया होती, सख्ख्या भावासारखी.

आणि का नसावी? माझा भाऊ थेउरी आणि हा गिचोही एकाच पहाटे नदीच्या गार पाण्यात शेजारी शेजारी उभे राहिले आणि एकाच सुरीखाली गेले. आमच्यात एका दिवशी सुंता झालेली पोरं एकमेकांना 'वाकिनी' म्हणतात, म्हणजे माझ्या बरोबरीचा. पाठच्या भावाशी भांडण चालतं, वाकिनीशी नाही. त्याचं घर ते आपलं घर, त्याची आई ती आपली आई.

मग गोऱ्यांशी लढाई पेटली. थेउरी न्यानदारुआच्या जंगलात शिरला, जनरल गारपिटीच्या टोळीत. असली नावं घ्यायचे ते, खऱ्या नावाने घरच्यांचा जीव जायला नको म्हणून. गिचोही गावात राहिला. नळाचा पाइप, दाराची कडी आणि सायकलच्या ट्यूबचं रबर, असल्या बंदुका घेऊन गारपिटीच्या पोरांनी पुलावरची चौकी जाळली. आज त्या लढाईच्या गोष्टी शेंबडी पोरंही सांगतात, आणि ज्यांनी जंगलाचं तोंड पाहिलं नाही असे म्हातारे 'मी होतो ना तिथे' म्हणून छाती फुगवतात. मेले!

चौकी जळाल्यावर थेउरी मिठासाठी खाली आला. जंगलात वाढलेले त्याचे केस मीच भादरले, अंगावर विटलेला जुना कोट घातला. चारचौघांसारखा दिसायला लागला. आणि दुसऱ्याच सकाळी सोल्जरांनी गाव वेढलं. बाप्यांची एक रांग, बायकांची एक रांग, बाजाराच्या मैदानात. मग गोणपाटवाला आला.

डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गोणपाट, डोळ्यांपुरती दोन भोकं. आपल्यातलाच कुणीतरी. तो रांगेपुढून चालतो, ज्याच्यासमोर मान हलवतो त्याला ट्रकमध्ये घालतात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आम्ही चालताना पाहिलाय. थेउरीसमोर तो थांबला. मान हलली. थेउरीने खाली पाहिलं, काहीतरी बोलला, आणि शिपायांनी त्याला ओढलं. मी लांब होते, मला ऐकू आलं नाही. ट्रक गेला. माझा भाऊ परत आला नाही, ना जिवंत, ना मेलेला.

त्याला बायको नव्हती, पोर नव्हतं. आमच्यात पहिला नातू आजोबाचं नाव घेतो, असं माणूस मागे उरतं. थेउरीचं नाव घेणारं कुणीच नव्हतं. आई म्हणायची, "मेला त्याचं दुःख आहेच गं, पण पुसला गेला माझा पोरगा." आणि मी म्हणायचे, "तो शेवटचं काय बोलला, एवढं तरी कळलं असतं."

गिचोहीने मात्र आईला अंतर दिलं नाही. लाकडं फोडून द्यायचा, छप्पर शाकारायचा, तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात न्यायचा. सगळा डोंगर म्हणायचा, वाकिनी असावा तर असा! सगळ्यात जास्त मी म्हणायचे. स्वातंत्र्याच्या दिवशी त्याला स्टेजवर बसवायचे, शहिदाचा वाकिनी म्हणून. त्याची मान कायम खाली. आम्हाला वाटायचं, काय हा विनय! आई जाताना तिने आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या तळहातांवर थुंकून आशीर्वाद दिला, "थेउरी माझा, तूही माझाच." त्याने त्या ओंजळीत तोंड खुपसलं आणि ढसाढसा रडला. मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

दोन वर्षांपूर्वी पावसाआधी त्याची सून वांजुगू बाळंत झाली. झोपडीतून पाच आरोळ्या आल्या, म्हणजे मुलगा. आम्ही बायका आंबील आणि लाकडाच्या मोळ्या घेऊन गेलो. नाव कुणी विचारलंही नाही. पहिला मुलगा, आजोबाचं नाव, गिचोही. यात विचारायचं काय?

म्हातारा अंगणात ओंडक्यावर बसला होता. मी म्हटलं, "काय दादा, नवा गिचोही आला की! आता याच्यासाठीही गमबूट घेऊन ठेवा."

बायका हसल्या. तो हसला नाही. म्हणाला, "त्याचं नाव थेउरी ठेवायचंय."

हातातला आंबिलीचा पोकळ भोपळा मी छातीशी धरला. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. माझ्या भावाचं नाव! दारातून वांजुगू मात्र म्हणाली, "असं कसं, मामंजी? तुम्ही असताना दुसऱ्याचं नाव? लोक म्हणतील सुनेने सासऱ्याला टाकलं. असं काय केलंय तुम्ही?"

गिचोही वाकला, आणि एक गमबूट ओढून काढला, मग दुसरा. पांढरेफटक पाय, ऊन न लागलेले. डाव्या पायाची करंगळी नव्हती.

"लहानपणी थेउरीच्या कुदळीने तुटली ही," तो मला म्हणाला. "न्यागुथी, गोणपाट गुडघ्यापर्यंतच येतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी भोपळा खाली ठेवला, नाहीतर पडला असता.

"त्याने खाली पाहिलं ते या पायाकडे," गिचोही म्हणाला. "ओळखलं त्याने मला. ओरडला असता तर गावाने मला फाडलं असतं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, 'वाकिनी, पाय गारठलेत की रे तुझे.'"

इतकी वर्षं जे ऐकायला मी तळमळले, ते हे! याच्या तोंडून!

"मारलं का रे तुला त्यांनी?" मी विचारलं. दादा वगैरे सगळं गळून पडलं होतं. "नखं उपटली? उलटा टांगला? सांग काहीतरी!"

"नाही," तो म्हणाला. "एक थप्पडसुद्धा नाही. साहेबाने चहा दिला, साखरेचा. बोललास तर बरं होईल म्हणाला. मी भ्यालो. चहा प्यायलो आणि भ्यालो."

शरमेने मेल्याहून मेलं होणं काय असतं ते मी त्या अंगणात पाहिलं. आणि त्याचंच नाही, माझंसुद्धा. याला मी आईच्या उशाशी बसवलं. याला मी घेवडा-मक्याच्या घुगऱ्या वाढल्या, माझ्या तोंडचा घास काढून. माझ्या आईची थुंकी याच्या हातावर! सगळ्या बायका जमिनीकडे बघत होत्या. झोपडीत बाळ तेवढं रडत होतं.

"आता त्याचं नाव तरी राहू दे," गिचोही म्हणाला. "माझं पुसलं गेलं तरी चालेल. तू हो म्हण, न्यागुथी. तू म्हटलंस तर सून ऐकेल."

एक शब्द, आणि माझा भाऊ परत या डोंगरावर धावला असता. आईने जन्मभर तेवढंच मागितलं होतं. माझ्या जिभेवर हो आलंही होतं. मग मी त्या पायांकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या भावाचं नाव म्हणजे तुझा घाम पुसायचं फडकं नाही. तुझ्या घरात तुझंच नाव राहील. वांजुगू, पोराचं नाव गिचोही ठेव. रीत आहे ती."

आंबील तिथेच ठेवून मी घरी आले, दार लावलं आणि आई गेली तेव्हा रडले नव्हते इतकी रडले. संध्याकाळपर्यंत सगळ्या डोंगराला कळलं. पुढच्या स्वातंत्र्यदिनी त्याला कुणी स्टेजवर बोलावलं नाही. तो आला मात्र, अनवाणी, आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. गमबूट त्याने परत घातलेच नाहीत. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

आता पोर चालायला, बोलायला लागलंय. गुटगुटीत आहे, लाघवी आहे, त्याचा काय दोष? आमच्यात आजोबाचं नाव घेणारा नातू आजोबाच्या बरोबरीचा धरतात, त्याने आजोबाला 'आजोबा' म्हणायचं नसतं. वांजुगूने रीतीप्रमाणे त्याला हाक शिकवली.

काल मी कुंपणाच्या अलीकडे रताळी खणत होते. पलीकडे म्हातारा कॉफीच्या झाडाशी उभा. पोर अंगणातून दुडदुडत आलं आणि त्याला हाक मारली, "वाकिनी!"

म्हाताऱ्याने फांदी घट्ट धरली.

"वाकिनी! वाकिनी!" पोराचा आवाज रडवेला झाला.

मला राहवलं नाही. कुंपणावरून ओरडले, "अरे, ओ दे की! तुलाच हाक मारतोय तो."

गिचोहीने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"ओ," तो म्हणाला.