पोरी कुठं नेताय, मॅडम?

अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्यावर साधा खोटं बोलल्याचाही आळ आला नव्हता. चतुराबाईंनी मात्र मला पोरी पळवणारी बाई समजून तीन महिने नजरेखाली ठेवलं.

वडवणीच्या अलीकडे, आमच्या शाळेपासून दोन कोसांवर त्यांची वस्ती. घरची मेंढरं. नवरा धुळाजी वर्षातले आठ महिने कळपामागे बाहेर. घरी त्या आणि एकुलती एक मुलगी रोहिणी, माझ्या आठवीच्या वर्गातली.

त्या फेब्रुवारीत एका संस्थेकडून आमच्या मुलींना उन्हाळी शिबिराचं बोलावणं आलं. अहिल्यानगरकडच्या डोंगरात, धरणाच्या काठी आठ दिवस. पोहणं, दोरीवरून चढणं, तंबूत राहणं. फी आमच्या पालकांना झेपणारी नव्हती. म्हणून संस्थेचा कार्यकर्ता हरिओम चॉकलेटचे डबे देऊन गेला. मुलींनी ती विकायची, नफ्यातून शिबिराला जायचं. बारा मुलींनी नावं दिली, मी डबे वाटले.

तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच चतुराबाई फाटकात हजर. हातात काठी, काखेत डबा.

"मॅडम, हे काय हाय?"

"चॉकलेट आहे. रोहिणीला शिबिराला जायचंय ना."

"ते तिनं सांगितलं. ह्याच्या आत काय हाय, ते इचारते मी."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. डबा उघडून त्यांनी अगदी तळातलं एक चॉकलेट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "आधी तुमी खावा."

सगळ्या शाळेदेखत मी ते खाल्लं. पुढची घंटा होईपर्यंत त्या पायरीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग उठल्या. "आज तर काई झालं न्हाई," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पण सुटका नव्हती. मुली सकाळीच विकायला बसत, कारण दहा वाजले की चॉकलेट कागदातच पातळ व्हायचं. आठवडी बाजारात रोहिणी भाजीवाल्यांच्या ओळीत बसली की समोरच्या लिंबाखाली चतुराबाई. कोण घेतं, किती घेतं, घेताना पोरीशी काय बोलतं, सगळ्यावर डोळा. एकदा मोटारसायकलवरच्या एका माणसाने एकदम वीस चॉकलेटं घेतली आणि रोहिणीला नाव विचारलं. चतुराबाई गाडीला आडव्या गेल्या.

"नाव कावून पायजे तुमाला?"

तो बिचारा पतसंस्थेतला कारकून. मुलीच्या वाढदिवसाला वाटायला चॉकलेटं घेत होता. मुलीला फोन लावून खात्री पटवल्यावरच त्यांनी त्याला जाऊ दिलं.

रोहिणी माझ्याकडे येऊन रडली. "मॅडम, आई सगळ्यांसमोर लाज काढते. माझं नाव कमी करा." मी तिची समजूत घातली, पण खरं सांगायचं तर मलाही या बाईचा राग यायला लागला होता.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या पुन्हा शाळेत आल्या. या वेळी आवाज हळू होता. तेच जास्त वाईट वाटलं.

"केजला गेलते काल. डब्यासंगं आलेल्या पावतीवरचा त्या संस्थेचा पत्ता एकाकडून वाचून घेतला, तितं गेलते. कुलूप हाय, मॅडम. शेजारचा शिंपी म्हणला, महिना झाला कुणी आलं न्हाई."

मी म्हटलं, "असं कसं होईल?" आणि त्यांच्यासमोरच हरिओमला फोन लावला. बंद. दुपारी लावला, बंद. संध्याकाळी बंद. चॉकलेटचे सगळे पैसे मी त्याच्याकडे भरले होते आणि बारा मुलींची जन्मतारखेसकट यादी दिली होती. तोवर पैशाचं भय वाटत होतं. यादी आठवली आणि पैसे विसरले. कोण होता हा हरिओम? एकदा शाळेत आला, गोड बोलला, चहा घेतला. त्यापलीकडे मला तरी काय माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. डोंगरात तंबूंची जागा साफ करत होता, रेंज नव्हती. कार्यालय मागच्या गल्लीत हलवलं होतं, पावत्या जुन्याच राहिल्या. मला हायसं वाटलं. मी निरोप धाडला, तर चतुराबाई स्वतःच आल्या.

"तो म्हणला, आन् तुमी ऐकलं?"

मी हातातला फोन टेबलावर ठेवला.

"मग मी येते पोरीसंगं," त्या म्हणाल्या.

हरिओम कुरकुरला. पालकांना आणायची पद्धत नव्हती. मी म्हटलं, त्या नसतील तर मीही मुली पाठवत नाही. हे बोलताना माझं मलाच आश्चर्य वाटलं.

मे महिन्यात पहाटे हरिओमने आणलेली भाड्याची मिनीबस निघाली. चतुराबाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. नगरच्या अलीकडे चहाला थांबलो. मुली पुन्हा चढल्या, ड्रायव्हर टपरीमागून आला, आणि चतुराबाईंनी पुढे होऊन चावी काढून घेतली.

"ह्यानं घेतलीय."

ड्रायव्हर खवळला. हरिओमही वैतागला. "अहो मावशी, प्रत्येकावरच संशय घ्यायचा का?" चतुराबाईंनी चावी कमरेला खोचली आणि काठीने त्याच्या सीटखालून अर्धी रिकामी बाटली बाहेर सरकवली. हरिओमचा चेहरा उतरला.

दुसरा ड्रायव्हर यायला चार तास लागले. मुली झाडाखाली गाणी म्हणत होत्या. चतुराबाई माझ्याशेजारी बसल्या आणि रस्त्याकडे बघत बोलू लागल्या.

"माझ्या चुलत्याची पोर होती, सगुणा. चौदा वर्साची. एक पावणा आलता, चांगल्या कपड्यातला. नाशकाला शिवणकाम शिकवितो म्हणला. समद्यांनी हरकून धाडलं. मीबी तिच्या पिशवीत माझी चांगली वढणी घातली." त्या थांबल्या. "आजपातूर न्हाई आली, मॅडम. त्यो पावणाबी लई गोड बोलायचा."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही.

शिबिर खरं होतं. धरण होतं, तंबू होते, शिकवायला बाया होत्या. चतुराबाईंनी प्रत्येक दाराची कडी ओढून पाहिली, न्हाणीच्या पत्र्यातलं भोक चिखलाने बुजवलं, स्वयंपाक्याला गाव-घर विचारून हैराण केलं. चौथ्या दिवशी रोहिणी तरंगायचं जाकीट घालून पाण्यात उतरली, तेव्हा त्या पाण्याच्या अगदी कडेला उभ्या होत्या. ती हात मारत बाहेर आली तर तिला पदराने पुसत राहिल्या.

याला पाच वर्षं झाली. रोहिणी आता बीडला नर्सिंगला आहे. तरी दर मे महिन्यात चतुराबाई इतरांच्या पोरींबरोबर जातात. वस्तीवरच्या आया बाकी काही विचारतच नाहीत, एवढंच विचारतात, "चतुरामावशी चालल्या का?" त्या असल्या तरच पोरी निघतात.

गेल्या वर्षी गाडी निघताना एका नव्या मुलीची आई दारात आडवी झाली. तिने चतुराबाईंनाच धारेवर धरलं.

"तू कोण ग? पोरी न्यायचं काय मिळतंय तुला?"

मला वाटलं, आता चतुराबाई भडकणार. त्या नीट निरखून तिच्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बस," म्हणाल्या. "चल, बघून घे."