सासूबाईंच्या वडिलांचं आजोळ

माझ्या इंग्रज सासूबाईंना डॉक्टरांनी ख्रिसमसपर्यंतची मुदत दिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. त्यांचे वडील सॉमरसेटमधल्या एका खेड्यात शेजाऱ्यांच्या घरी वाढले. त्यांचा बाप शेतमजूर, तान्ह्या पोराला त्या घरी सोडून कामाच्या शोधात गेला तो परतलाच नाही. आणि 'आई तर तुला पाळण्यात टाकून पळाली,' असं गावाने त्यांना जन्मभर ऐकवलं. त्या बाईचं खरं काय झालं, ते सासूबाईंना जाणून घ्यायचं होतं. माझा नवरा म्हणाला, "लीव्ह इट." मी हट्टाला पेटले.

जुनी जनगणना तेव्हा नुकतीच कम्प्युटरवर आली होती. त्यात वडील सापडले: वय चार, परक्या घरात, 'सांभाळायला ठेवलेलं मूल'. जन्मगावाच्या रकान्यात 'माहीत नाही'. मग दर शनिवारी ब्रिस्टलहून गाडी हाकत रेकॉर्ड ऑफिसला जायचं आणि त्या गावच्या चर्चची रजिस्टरं मायक्रोफिल्मवर फिरवत बसायचं. आईबापांचं लग्न मिळालं. पोराचा बाप्तिस्मा नाही, आईचं दफन नाही. नोव्हेंबर उजाडला. सासूबाईंचं खाणं सुटलं, त्यांना हॉस्पिसमध्ये, अखेरच्या दिवसांच्या शुश्रूषागृहात, हलवलं, आणि मी रिकाम्या हातांनी त्यांच्यासमोर जाऊन बसत होते. एकदा त्या मशीनवर डोकं टेकून मी चक्क रडले. ती बाई खरंच पळाली असेल, असं आता मलाही वाटू लागलं होतं.

रविवारी पुण्याला आईला फोन करून रडगाणं गायलं. ती म्हणाली, "अगं, पहिलटकरीण ना ती? मग माहेरी गेली असेल बाळंतपणाला."

"आई, इथे तसलं काही नसतं," मी फणकारले.

फोन ठेवला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. लग्नाच्या नोंदीत वधूचं गाव टेकड्यांपलीकडचं लिहिलं होतं. तीन महिने मी ते वाचून पुढे जात होते. काखेत कळसा! माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण पुण्याला, माहेरीच झालेलं. पण गोऱ्यांच्या बायकांना माहेर नसतं, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शनिवारपर्यंत थांबवेना. मंगळवारी रजा टाकून गेले. त्या दुसऱ्या गावच्या रजिस्टरात दहा मिनिटांत बाप्तिस्मा सापडला. लगेच दफनाची फिल्म लावली. त्याच आठवड्यात त्या बाळाच्या आईची नोंद. वय एकोणीस.

तडक हॉस्पिसला गेले. सासूबाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, "ती पळाली नव्हती. बाळंतपणाला आईकडे गेली, आणि तिथेच वारली."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. तेवढ्यात त्यांचे ओठ हलले.

"मग डॅडींना कुणी सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत त्यांनी तिला शिव्या दिल्या. आणि मीसुद्धा."