शेवट आधी

इथे सुरतेत कापडावर खडू ओढला, की मुलुंडचा वर्ग आठवतो. शाळा सोडून मामाच्या शिलाईच्या दुकानात यायचं ठरलं होतं. तो माझा शेवटचा तास. मॅडमनी इंग्रजी शोकांतिकेचा थेट शेवटचा अंक उघडला.

"मॅडम, मधले दोन अंक राहिले ना," संदेश कुरकुरला.

"ते सोमवारी रे. शेवट आज."

राणी विष प्यायली, राजपुत्र पडला. गाडी चुकेल म्हणून मी घड्याळच बघत होतो. घंटा होताच निघालो, मॅडमकडे न बघता.

सोमवारी मी नसणार, हे वर्गात फक्त त्यांना माहीत होतं. माझ्यासाठी त्यांनी सगळ्यांना शेवट आधीच सांगून टाकला, हे फार उशिरा कळलं. मधले अंक मी अजून वाचलेले नाहीत. आधी मॅडमना थँक्यू म्हणायचं राहिलंय.