मंडईतली सेटिंग

माझा मामेभाऊ चांगला माणूस आहे आणि हे मला कधीच आवडलं नाही. वाईट असता तर त्याच्यावर जळायला सोपं गेलं असतं.

मामा रेल्वेत होते, गोंदियात क्वार्टर होतं. आम्ही जवळच्या दवनीवाडा गावात, बाबांचं शिलाईचं दुकान. दुकानाच्या कोपऱ्यात मी एक जुना कॉम्प्युटर मांडला होता आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचो. त्याच्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. मशीन इतकी थकलेली की गेम सुरू केला की गाडी ठेचकाळत चालायची. मग मी शिकलो. चित्र बारीक ठेवलं, सावल्या बंद केल्या, रस्त्याकडेची झाडं काढून टाकली, की गाडी सुसाट पळते. मशीनमध्ये जोर एवढाच असतो. तो चित्रात घाला नाहीतर वेगात घाला. धानाच्या बांधीतल्या पाण्यासारखं आहे, इकडे वळवलं की तिकडे कमी होणारच. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्याचा मला भारी गर्व होता.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, पुणेकरांनी गैरसमज करून घेऊ नये. पाळणे, गुपचुपच्या म्हणजे पाणीपुरीच्या गाड्या, भर दुपारी दंडारीचं लोकनाट्य, लेकीबाळी माहेरी, घरोघरी पाहुणे. लागोपाठ दोन वर्षं मी त्या मंडईत शाळेच्या आवारात माझी मशीन लावली. पंचक्रोशीत मी एकटाच ‘गेमवाला’. पोरं नंबर लावायची, मोठी माणसं मान डोलवायची. दोन दिवस का होईना, मला गावात ओळख होती.

तिसऱ्या वर्षी मामेभाऊ मंडईला पाहुणा म्हणून आला, तो आपली मशीन घेऊनच. नवाकोरा कॉम्प्युटर, आत चित्रांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड, पडदा माझ्या पडद्याच्या दीडपट.

“मी म्हटलं, तू एकटाच कायले मरतेस गर्दीत,” तो म्हणाला. “दोन मशीन राहिल्या तं बरं ना बे.”

आई म्हणाली, किती जीव आहे पोराचा तुझ्यावर. माझा नुसता तिळपापड झाला. चक्कीवाल्याकडून विजेची वायर मी ओढून आणली होती, मांडव मी बांधला होता, आणि सकाळी अकरा वाजेपर्यंत माझ्याकडे एक पोरगं उरलं नाही. त्याची गाडी माझ्याइतकीच पळत होती आणि वर चित्रही बरं होतं. त्याच्या कार्डात दोन्हींपुरता जोर होता. एवढं एक कार्ड माझ्याकडे असतं तर, हाच विचार डोक्यात.

दुपारी आईनं त्याला जेवायला हाक मारली. पाहुण्याला आधी वाढायचं, ही रीत. तो मला म्हणाला, “पाच मिनिटं पायशील ना माजी मशीन?” मी पाहिली. चांगलीच पाहिली. त्याच्या खुर्चीत बसलो आणि जे जे वाढवता येत होतं ते सगळं शेवटच्या टोकाला नेलं. चित्र सर्वांत मोठं, सावल्या पूर्ण, पाऊस चालू, ओल्या रस्त्यात गाडीचं प्रतिबिंब चालू. मग चालवून पाहिलं. ती नवी मशीन माझ्या जुन्या मशीनपेक्षा वाईट ठेचकाळू लागली. मला इतकं बरं वाटलं की लाजही वाटली नाही.

मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो. आता पोरं शिव्या देत माझ्याकडे येतील, याची वाट पाहत.

तो जेवून आला. एक पोरगं खेळायला बसलं. तेवढ्यात तिकडची दंडार संपली आणि माणसं मोकळी झाली. पाठीमागून एक धोतरवाले आजोबा वाकून बघू लागले. “अरे बाप्पा! रस्त्यावर पाणी साचून राहिलं, अन् पाण्यात गाडी दिसून राहिली!” त्यांनी आपल्या सुनेला बोलावलं. तिनं जावेला बोलावलं. गाडी एकेका जागी अडत होती, आणि अडत होती म्हणूनच लोकांना ती नीट निरखता येत होती. कुणी पावसाचे थेंब दाखवत होतं, कुणी काचेवरचा वायपर. खेळणारं पोरगं वैतागलं असेल, पण चाळीस माणसं आपल्याला बघतायत म्हटल्यावर ते उठायला तयार नव्हतं. त्याच्यामागे रांग लागली.

मी त्याच गावात वाढलो आणि एवढं विसरलो. मंडईत खेळायला येतो कोण? लोक बघायला येतात, आणि आपण दिसावं म्हणून येतात. मी सगळा हिशेब खेळणाऱ्याच्या बोटांचा केला होता. माझी गाडी शेजारी लोण्यासारखी पळत होती आणि तिच्यासमोर एक कुत्रं झोपलं होतं.

संध्याकाळी सरपंचांनी मामेभावाला विचारलं, एवढं झक्क चित्र कसं काय? त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सेटिंग सारी याची हाय. आपला मास्टर हाय हा.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

त्या एका वाक्यावर माझं पुढचं आयुष्य चाललं. लोक आपापल्या मशीनी माझ्याकडे आणू लागले. पुढे मी गोंदियात दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते आजही आहे. जुने लोक अजून मला ‘सेटिंगवाला’ म्हणतात. प्रत्येक वेळी आत काहीतरी खुपतं.

दहाएक वर्षांनी त्यानं टीव्हीवर गेम खेळायचा नवा कन्सोल घेतला आणि मला बघायला बोलावलं. अर्थात आधी त्यानंच घेतला. चालू केला तर पडद्यावर तोच प्रश्न, आता सरळ अक्षरांत: चित्र चांगलं हवं की वेग? म्हणजे एवढ्या महागड्या मशीनचा जोरही दोन्हीला पुरत नव्हता. मला जरा समाधान वाटलं. त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. “तू लाव. तुले समजते.”

माझ्याच्यानं राहवलं नाही. “त्या मंडईत मी तुजी मशीन बिघडवायलेच बसलो होतो,” मी म्हणालो.

“माहीत हाय,” तो म्हणाला. “जेवून आलो तवाच पायलं. बदलवायले हात टाकला, तं मांगं माणसं उभी.”

“मग माजं नाव कायले सांगितलं?”

“तुज्याजवळ कोणीच नव्हतं ना बे. तुजं तोंड पाहून बरं नाई वाटलं.”

एवढंच. चिडला नाही, टोमणा मारला नाही. मी वेग निवडला. त्यानं हसून रिमोट घेतला, चित्र निवडलं, आणि म्हाताऱ्या मामींना स्वयंपाकघरातून बघायला बोलावलं.

घरी येताना पोटात तेच जुनं दुखत होतं. त्याच्यासारखं कार्ड पुढे मी घेतलं, पडदाही घेतला, कन्सोलही घेईन. पण माझं कारस्थान पाहूनसुद्धा त्याला माझी कीव आली होती आणि दहा वर्षं तो गप्प बसला होता. त्याच्या जागी मी असतो तर सगळ्या मांडवाला ओरडून सांगितलं असतं.